अण्णांचा तीळ

आमच्या तेर गावातल्या एका सज्जन आणि कर्तबगार माणसाला मी एकदा कॉम्प्युटरवर समूळ पुसून टाकलं. माणूस आधीच वारलेला होता, एवढंच त्यात बरं.

आता मी आजी आहे. नातवंडं मला फोन कसा धरायचा ते शिकवतात आणि मी मुकाट्यानं शिकते. पण तेव्हा मी चाळिशीत होते आणि मला सगळं येत होतं. एसटी स्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ. फोटो आमचे हे काढायचे आणि मी काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो कातरायची. स्टुडिओत कॉम्प्युटर आला, तशी मी भुणभुण लावून त्याच्यासमोरची खुर्ची मिळवली.

"एक जरी तक्रार आली," हे म्हणाले, "तर खुर्ची माझी आन् कातर तुझी."

त्याच सुमारास लेकरांचे काळे-पांढरे फोटो काढायचं खूळ आलं होतं. रंग काढून टाकला की कसलंही पोरगं घरंदाज दिसायचं. (शेंबूड मात्र जास्तच चमकायचा, तो मी पुसायची.) अडचण एकच, तीट. आमच्याकडच्या आया पोराला नटवूनथटवून आणणार आणि दारातच कपाळाला नाहीतर गालाला काजळाचं बोट लावणार. रंगीत फोटोत ते गोड दिसतं. काळ्या-पांढऱ्यात पेढ्यावर माशी बसल्यासारखं. म्हणून मी तीट पुसण्यात असा हात बसवला, की काळा ठिपका दिसला की उडवलाच. एका पोराच्या सदऱ्याची तीन बटणंही त्यात गेली.

अशात दत्तोबा आपल्या भैरूला घेऊन आला. भैरूचं कुरळं जावळ पार खांद्यापर्यंत आलेलं.

"वहिनी, उद्या सोनारीच्या देवाला जावळ काढायचंय. त्याच्या आधी फोटो पायजे. काळा-पांढराच करा, अण्णांच्या शेजारी लावायचाय."

अण्णा म्हणजे त्याचे वारलेले वडील. त्यांचा जुना फोटोही तो घेऊन आला होता, दोन्हींच्या चौकटी एका मापाच्या करायला. भैरूला हसवायला मी कॅमेऱ्यामागं कोंबडी झाले, ह्यांनी झकास फोटो काढला. मग मी खुर्चीत बसून कपाळावरची तीट पुसली, हनुवटीवरची पुसली, पुसलेला फोटो मूळ फोटोवरच साठवला आणि पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्यातलं कार्डही मोकळं करून टाकलं. कामाचा उरक बघा.

सोनारीहून परतताना दत्तोबा भैरूला घेऊन स्टुडिओत डोकावला. डोक्याचा चकोट, वर चंदनाचा लेप, आणि हनुवटीवर काळा ठिपका.

"आरं, तीट तशीच ठेवली व्हय?" मी पदराचं टोक ओलं करून खसाखसा पुसायला लागले. भैरूनं अख्खा स्टँड गोळा होईल असा गळा काढला.

"वहिनी, पुसू नका," दत्तोबा म्हणाला. "तीळ हाय त्यो. अण्णांचा."

"अण्णांचा?"

"आमचे अण्णाच माघारी आल्यात की. त्यांना बी हितंच होता तीळ. म्हणून तर शेजारी फोटो लावायचा. उद्या पुण्यतिथीला सारी भावकी बघायला येणार हाय. झाला न्हवं फोटो?"

"झालाय की. वाळतोय."

(कॉम्प्युटरमधला फोटो वाळत नसतो, हे सुदैवानं त्याला माहीत नव्हतं.)

तो गेल्यावर हे शांतपणे म्हणाले, "मूळ फोटो काढ."

"पुसला."

"मग परत काढू पोराचा."

"जावळ कुठनं आणायचं?"

ह्यांनी नुसती कातर उचलून माझ्यासमोर ठेवली.

मी माऊस धरला. हातानं पहिला तीळ रंगवला, तो हनुवटीला भोक पडल्यासारखा दिसला. दुसरा पुसट केला, तर भैरू गुळाची काकवी पिऊन आल्यासारखा. ह्यांनी मागून बघितलं आणि म्हणाले, "लिंबोळी चिकटलीय."

रडकुंडीला येऊन मी मान फिरवली, तर भिंतीला टेकवलेले अण्णा माझ्याकडं बघत होते. हनुवटीवर तोच टपोरा तीळ. मी उठले, अण्णांना स्कॅनरवर पालथं घातलं, त्यांचा तीळ उचलला आणि भैरूच्या हनुवटीवर आणून ठेवला. आधी तो सुपारीएवढा आला. दामटून दामटून ज्वारीएवढा केला. असा बसला, जणू पोर जन्मालाच घेऊन आलं. हेसुद्धा "हं" म्हणाले. ह्यांचं "हं" म्हणजे दुसऱ्याचा जाहीर सत्कार.

दुसऱ्या दिवशी दत्तोबाच्या घरी दोन्ही फोटो शेजारी लागले, भावकी जमली, आम्हा दोघांनाही जेवायचं बोलावणं होतं. एक म्हातारे काका चष्मा वर-खाली करत भैरूच्या फोटोला नाक लावून उभे राहिले. बराच वेळ हलेनात.

"दत्त्या," ते म्हणाले, "तिळाला केस हाय रं."

अण्णांच्या तिळावर एक दांडगा केस होता, आणि तिळाबरोबर मी तोही उचलून आणला होता. मला समोर नुसती कातर दिसायला लागली. सगळ्यांनी अण्णांचा फोटो बघितला, मग भैरूची हनुवटी धरून उजेडात नेली. हनुवटी गुळगुळीत.

"डोळ्याला दिसत न्हाय," काका शेवटी म्हणाले, "पर क्यामेऱ्याला दिसलं. अण्णाच हाय ह्यो."

मग काय विचारता. दत्तोबानं भैरूला खांद्यावर घेतलं, सगळे त्याच्या पाया पडायला लागले, आणि जेवायला बसायच्या आत सहा घरांनी आपापल्या लेकरांचे फोटो ठरवले. "आत्माच धरतोय तुमचा क्यामेरा," असं म्हणत एकानं ह्यांना मिठी मारली. ह्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. खुर्ची माझी झाली होती.

छाती फुगवून मी स्वयंपाकघरात वाढायला गेले. चुलीपाशी गोदाआजी, म्हणजे अण्णांची बायको, बसली होती. तिनं मला हाताला धरून खाली बसवलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली,

"पोरी, त्या केसासंगट सारा संसार केलाय म्या, मला वळख न्हाय व्हय? भैरूच्या तोंडावर आमच्या मालकाचा तीळ लावलास, लावलास, मी कुणाला बोलत न्हाय. पर आता थोरल्या नातीच्या फोटूला माझं नाक लावून दे, तिचं लई फेंदारं हाय. आन् लावालावी करतीयासच, तर कुणाचं तरी चांगलं डोस्कं बघून पयलं तुला लाव."