अण्णा मालवणला आले तेव्हा

नोकरीचा आदेश हातात पडला आणि चौथ्या दिवशी मी किल्लारी सोडली. अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या स्टँडपर्यंत आले होते. कोल्हापूरची गाडी लागली तसे ते माझ्या आधी आत चढले आणि थेट मागे गेले. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लाल अक्षरांत लिहिलेल्या खिडकीजवळ त्यांनी माझी पिशवी ठेवली. खिडकीची मूठ ओढून बघितली. कंडक्टर ओरडला तेव्हा उतरले. खाली उभं राहून म्हणाले, "माय, झोप लागली तरी चपला पायातच ठिव."

माझ्याबरोबर नेमणूक झालेल्या बाकीच्या मुलींचे बाप वेळेवर जेव, फोन कर, असं सांगत होते.

मी त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दोन वर्षांनी जन्मले. माझी आजी आणि थोरला भाऊ दत्ता दगडामातीच्या जुन्या घराखाली गेले. विसर्जनाहून उशिरा आलेले अण्णा दारासमोर बाजेवर पडले होते, म्हणून वाचले. "बाहेर या, बाहेर या" असं ओरडत राहिले आणि आई तेवढी बाहेर पडू शकली, एवढंच तिने सांगितलं. अण्णा स्वतः कधी बोलले नाहीत. सरकारने बांधून दिलेल्या नव्या घरात ते छताखाली झोपले नाहीत. माळ्यावर जड डबा ठेवायचा नाही, दाराला आतून कडी घालायची नाही, हे आमचे नियम. जमीन हलताना मी पाहिली नाही. पण कुणाच्या वाट्याला शेत येतं, तशी माझ्या वाट्याला ती भीती आली.

ती घेऊनच मी मालवणला उतरले. बंदराजवळच्या शाळेत नेमणूक, शाळेमागच्या आळीत भाड्याची खोली. घरमालकीण काकी पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "अगो, दाराक कडी घाल, कुत्री येतत." मी कडी घातली आणि अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडले. बाहेर समुद्राचा आवाज. तो थांबेल, मग झोपू, असं मला वाटत होतं. समुद्र थांबत नसतो, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

गावाकडच्या मैत्रिणी लिहायच्या, "तू काय बाई, रोज सहलीलाच." खरंच, लोक पैसे खर्चून जे बघायला येतात ते माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. पण पहिलं वर्ष मी समुद्राकडे पाठ करूनच चालले. मग वर्गातल्या कोळ्यांच्या पोरींनी मला हळूहळू ओढत नेलं. संध्याकाळी धक्क्यावर होड्या लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव होतो. त्यातली सुरमई कुठली आणि बांगडा कुठला, हे त्यांनी मला शिकवलं. मी माळकरी घरातली, नाकाला पदर लावून शिकले. चिवल्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढतात. तीस-चाळीस माणसं दोन्हीकडून दोर धरून भलंमोठं जाळं वाळूवर आणतात. एकदा मीही दोर धरला. तळहात सोलवटले, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाय ओले झाले. रॉक गार्डनच्या खडकांवर बसून सूर्यास्त बघायला शिकले. फक्त किल्ल्यावर गेले नाही. समोर पाण्यात महाराजांचा एवढा किल्ला उभा, होडीने पंधरा मिनिटं. तरी शाळेची सहल निघाली की मला नेमका ताप यायचा.

मागच्या माघात आई-अण्णा आले. अण्णा धक्क्यावर उभे राहून कितीतरी वेळ किल्ल्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हितवर आलो अन् महाराजांच्या किल्ल्याला पाय लावला न्हाई, तर गावात काय सांगू?" आई म्हणाली, "मी न्हाई बाई. तुम्ही जावा बाप-लेकी." ती धक्क्यावरच बसली. मला नाही म्हणता आलं नाही.

होडीवाल्याने नारिंगी जॅकेटं दिली. अण्णांनी पट्टा तीनदा तपासला. "हे घालाय देतेत म्हंजी धोका हायच की," ते पुटपुटले. अर्ध्या वाटेवर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. नुसतं बंद पडलं, त्यात विशेष काही नव्हतं. होडीवाला दोरी ओढत होता, प्रवासी फोटो काढत होते. पण होडी लाटांना आडवी झाली आणि डुलायला लागली. पायाखालची फळी वर उचलली जायची आणि निसटायची. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. एकदम ते उभे राहिले आणि ओरडले, "बाहेर या! बाहेर या!"

होडी कलली. बाया किंचाळल्या. "काका, बसा! उभे रवू नकात, कलंडतली होडी!" होडीवाला ओरडला. मी दोन्ही हातांनी अण्णांची कंबर धरली आणि त्यांना खाली ओढलं. मलाही ओरडायचं होतं. पण बाहेर यायचं तर कुठं? चारी बाजूंना पाणीच होतं. अण्णांनी माझ्या कुशीत डोकं खुपसलं होतं आणि मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून नुसतं "मी हाय, मी हाय" म्हणत होते. शेवटी दुसऱ्या होडीने दोर टाकला आणि आम्हाला ओढत किल्ल्याला लावलं.

वाळूवर उतरलो तर पुढे महादरवाजा. दोन्ही अंगांना काळ्या दगडांच्या भिंती, वर दगडाचीच कमान. अण्णा थबकले. मागे पाणी, पुढे दगड. लोक आमच्या बाजूने जात राहिले. माझेही पाय उचलत नव्हते.

किल्ल्यावरच राहणारी एक बाई डोक्यावर कोकमाच्या बाटल्यांची टोपली घेऊन आली. तिने विचारलं, "काय झाला? चक्कर इली?"

अण्णांनी भिंतीवर तळवा टेकवला. "हे दगड मातीत बसवलेत का वं?"

"मातीत कशाक? चुन्यात बसवलेत. पायात शिसा ओतलेला हा म्हणतत. माझे आजे-पणजे हयच जन्मले."

अण्णांनी माझा हात धरला आणि कमानीखालून अक्षरशः पळत आत गेले. आत ऊन होतं, माड होते. साखरबाव नावाच्या विहिरीचं पाणी त्या बाईने शेंदून दिलं. अण्णांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थांबले. "गोड हाय गं," म्हणाले. आमच्या शेतातली बोअर पाचशे फुटांवर कोरडी गेलेली. भर समुद्रात गोडं पाणी पिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे काठावर बसून, माझ्या जन्मात पहिल्यांदा, ते दत्ताबद्दल बोलले. त्याला पोहायला शिकवायचं होतं म्हणे, गावच्या विहिरीत. तरंगायला वाळका भोपळाही बांधून ठेवला होता.

परतीच्या होडीत ते डोळे मिटून बसले. माझ्या मनगटावर त्यांच्या नखांच्या खुणा दोन दिवस होत्या.

यंदा जिल्हाबदलीचे अर्ज निघाले. माझ्याबरोबर इकडे आलेल्या लातूर-नांदेडच्या सगळ्यांनी भरले. मी फोन करून अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या आईला तू हवीस. मलाबी. पण हितं आलीस तर पुन्हा माझ्याच भ्यावात झोपशील. तुझं तू बघ, माय." मी अर्ज भरला नाही. धाडस म्हणून नव्हे. दोन्हीकडे मला भीती वाटते. इथली निदान माझी मी ओळखून घेतली आहे.

तुम्ही जे तिकडे गावाकडेच राहिलात, त्या तुम्हाला वाटेल ही पोरगी पार कोकणातली झाली. इकडच्यांना मी अजून 'लातूरची बाई' आहे. नांदेड-हिंगोलीकडे धक्का जाणवल्याची बातमी आली की मी वर्ग सोडून फोन लावते.

आणि परवा सकाळी अण्णांचाच फोन आला. आवाज घाबरलेला. "टीव्हीवर दाखवायलेत, आपल्या मालवणात लई वारं सुटलंय म्हणून. खरं हाय का?"

आपल्या, म्हणाले. त्यांच्या लक्षातही आलं नाही.