कुटलेली गुंज

गुंज विषारी असते हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही सरकारी दवाखान्याच्या फरशीवर बसून. अहो, जन्म गेला कोडोलीच्या शिवारात! कुंपणावरचा वेल, तडकलेल्या शेंगांतले ते लालभडक, काळ्या टिकलीचे मणी. लहानपणी आम्ही मातीच्या गणपतीला त्यांचेच डोळे लावायचो.

आमच्याकडं घसा बसला की गुंजेचा पाला चघळतात. माझी थोरली जाऊ, आमची अक्का, बायकांच्या भजनात पहिला आवाज तिचाच. भजनाच्या दोन दिवस आधी तो पार बसला. तसं आम्हा दोघींचं महिनाभर बोलणं नव्हतं. गोठ्यातल्या नळावरून कडाक्याचं वाजलं होतं, अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. पण म्हटलं, मरू दे ते भांडण, पाला आणू.

भर उन्हाळ्यात वेलावर पाला कुठला? नुसत्या शेंगा. मी शहाणी! म्हटलं, पाल्यात एवढा गुण, तर बीत किती असंल! थोड्या बिया आणल्या, खलबत्त्यात बारीक कुटल्या, मधात कालवून तिच्या हातावर चाटण ठेवलं.

"आली का माझी आठवण?" म्हणत तिनं ते चाटलं.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. गाडी करून कोल्हापूर गाठलं. मी पदरात बांधून नेलेल्या उरलेल्या बिया डॉक्टरीणबाईंपुढं धरल्या, तशा त्या ओरडल्याच.

"गुंज? अख्खी गिळली की कुटून?"

"कुटून."

"अहो, टरफल टणक असतं. अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. कुटली की जहर सुटतं. याला उतारा नाही, सलाईन लावून वाट बघायची."

मी तिथंच फरशीवर बसले. बाई गं! तिच्या घशाला टोचू नये म्हणून मी पुन्हा पुन्हा कुटली होती.

विषाची केस, म्हणून संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, माझ्याकडं बघेनात. हवालदारांनी खाटेशी वाकून विचारलं, "कुणी दिलं, वैनी?"

जावेनं जावेला विष घातलं, गल्ली हेच म्हणणार. आणि दिलं तर मीच होतं.

अक्काचा आवाज अजून फुटत नव्हता. "कुणी न्हाय," ती घोगरी कुजबुजली. "मीच कुटलं, मीच खाल्लं."

मी तोंड उघडलं, तर तिनं चादरीखालून माझं मनगट असं आवळलं की काचेची बांगडी पिचली. हवालदारांनी तिचंच म्हणणं लिहून घेतलं.

ती वाचली. बारा दिवसांनी घरी आली आणि महिन्याभरात नळावरून पुन्हा आमचं वाजलं. अजून वाजतं. भांडताना ती माझं माहेर काढते, माझी भाकरी काढते, वाट्टेल ते बोलते की! गुंजेचं मात्र आजपर्यंत एकदाही काढलेलं नाही.