मूठ उघड

"मूठ उघड."

काकूंच्या दारात पाय ठेवला की पहिलं हेच. या नाही, बसा नाही. पोर दोन वर्षांचं असो की पाच, आईच्या कडेवर झोपलेलं का असेना, काकू उंबऱ्यात उभ्या, कमरेला किल्ल्यांचा झुबका, आणि म्हणायच्या, मूठ उघड. पोर दोन्ही हात पुढे करायचं. काकू एकेक बोट सोडवून बघायच्या, आत असेल ते काढून खिडकीत ठेवायच्या, मग तळव्यावर फुंकर घालून म्हणायच्या, "चल, रिहा." की पोर सुटलं आत.

सवय जेलातली. तीस वर्षं त्या बायकांच्या जेलात मेट्रन होत्या, येणारीची-जाणारीची झडती दारातच, आणि सुटणारीला म्हणायचं, रिहा. रिटायर झाल्यावर त्यांनी अरेरा कॉलनीच्या मागच्या गल्लीत, आपल्याच दोन खोल्यांत झूलाघर काढलं. पाळणाघर हो, पण इथे आम्ही सगळे झूलाघरच म्हणतो. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी हापिसासोबत इकडे हिंदी मुलखात आले होते, म्हणून घर मराठी, पण बोलणं निम्मं हिंदी, माझ्यासारखंच. मी पांढुर्ण्याची, आठवीपर्यंत शिकलेली, चार इमलीत, साहेब लोकांच्या वस्तीत, दोन बंगल्यांवर स्वयंपाक करते. माझी पिहू तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

त्या खिडकीत काय काय जमायचं ते तुम्ही बघायला पाहिजे होतं. चघळलेला ब्रेड, शर्टाचं बटण, मेलेला लाल किडा, कोणाच्या आजोबांची दातकोरणी. एकदा कोणी साहेब बघायला आले झूलाघर कसं चाललंय ते, तर काकूंच्या तोंडातून सवयीने गेलं, मूठ उघड. आणि साहेबांनी उघडली हो. आत अर्धी सुपारी. काकूंनी ती खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, "जाताना घेऊन जा, सर."

कधी कधी आम्हा आयांनापण म्हणायच्या. माझ्या मुठीत एकदा दोन वेलदोडे निघाले. बंगल्यातले. मी चोर नाही, पण त्या दिवशी उचलले होते, का उचलले ते मला आजपण सांगता येत नाही. काकूंनी वेलदोडे बघितले, मग मला बघितलं. म्हणाल्या, "चहा ठेव, दोन्ही टाक. उद्यापासून रिकामी येत जा." चहा आम्ही दोघी प्यायलो. परत कधी विषय काढला नाही त्यांनी.

पण मला सांगायचंय ते पिहूचं.

पिहू चिमटे काढायची. असे-तसे नाही, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते ना तिथे, आणि पिळायची. टिंकू म्हणून एक पोरगा होता, त्याच्या दंडावर तीन निळे डाग. मी ते डाग बघितले आणि मला सासूबाई आठवल्या, कारण नवऱ्याला सोडून मी आले होते ते मार खाऊनच आले होते, आणि निघताना सासूबाई दारात म्हणाल्या होत्या, "पोरगी घेऊन जा खुशाल. रक्त आमचंच आहे, ते कुठे जातंय." तेव्हा मी ऐकून घेतलं आणि बस पकडली. पण ते वाक्य माझ्यासोबत बसमध्ये चढलं, आणि उतरलंच नाही. पिहूने भिंतीवर चमचा आपटला तरी मला वाटायचं, आलं. पिहू झोपेत दात खायची तरी वाटायचं, आलं, बापाचं आलं.

टिंकूची आई एमपी नगरात कोचिंगच्या हापिसात बसते. ती सोमवारी सगळ्यांसमोर म्हणाली, "या तो ये लड़की रहेगी या मेरा बेटा। कुछ बच्चे पैदा ही ऐसे होते हैं।"

मलापण तेच वाटत होतं.

काकू म्हणाल्या, "आठ दिन दो मॅडम. मैं देखती हूँ."

आता बघा, पिहूला झूलाघरातून काढलं असतं तर माझे दोन्ही बंगले सुटले असते. बंगले सुटले तर खोली सुटली असती. खोली सुटली तर जायचं कुठे, तर त्याच घरी, जिथून आले. म्हणून मी टिंकूची आई गेल्यावर काकूंचे पाय धरायला वाकले, तर त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, "जेलात असे पाय फार धरले गेले माझे, आता गुडघे दुखतात. ऊठ. कणिक मळ."

मी कणिक मळायला बसले आणि विचारलं, "काकू, तुम्ही तर खून केलेल्या बायका बघितल्या. माणूस जन्मतःच वाईट असतं का?"

त्या भेंडी चिरत होत्या. दोन-चार भेंड्या आणखी चिरल्या. मग म्हणाल्या, "मला नाही माहीत पोरी. मी जन्माच्या खोलीत नव्हते, मी दारात होते. पण तुला एक सांगते. तिथे आईसोबत पोरंपण राहायची, सहा वर्षांची होईपर्यंत. काही तर तिथेच जन्मलेली. ती भांडली ना, तर मारायची नाहीत."

"मग?"

"कुलूप लावायची." काकूंनी विळी सोडली आणि हवेत हात करून दाखवलं, एका हाताने न दिसणारं दार ओढलं, दुसऱ्याने किल्ली फिरवली. "खट्. झालं. समोरचं पोर तिथेच उभं राहून रडायचं, हलायचं नाही, कारण कुलूप लागलंय ना. मग कोणीतरी येऊन किल्ली फिरवायचं तेव्हा हलायचं. राग सगळ्या पोरांना येतो. राग कसा काढायचा ते बघून शिकतात. त्यांनी कुलूप बघितलं होतं."

मला हसू आलं आणि अंगावर काटापण आला.

"आणि बायका?" मी म्हटलं.

"बायकांचंपण बहुतेक तसंच. विचारत गेलं की मागे कोणीतरी सापडायचंच शिकवणारं. दोघी अशा होत्या की मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. त्यांचं मला आजपण कळलेलं नाही." मग त्यांनी भेंडीचा देठ माझ्याकडे रोखला. "पण त्या दोघी मोठ्या होत्या. साडेतीन वर्षांच्या पोरीसाठी मी ते मानणार नाही. आठ दिवस आहेत."

आठ दिवस त्या पिहूजवळ बसून राहिल्या. त्यांची एक रीत होती, जेलातली नाही, स्वतःची. म्हणायच्या, पहिला बघायचा, दुसरा अडवायचा. म्हणजे पोराने पहिला फटका मारला की धावायचं नाही, कसा मारला ते नीट बघायचं, आणि दुसऱ्याला मात्र हात धरायचा. दुसऱ्या बायका कुरकुरायच्या, पहिला लागतो त्याचं काय. काकू म्हणायच्या, "त्याला मी गूळ देते."

टिंकूने त्या आठवड्यात पुष्कळ गूळ खाल्ला. तो पिहूच्या बाजूला जाऊनच बसायला लागला.

आठव्या दिवशी मी घ्यायला गेले तर काकूंनी दार लोटून घेतलं. मला स्टुलावर बसवलं. मला वाटलं, झालं, काढलं.

"नवरा कसा मारायचा?"

मी खाली बघितलं.

"लाजू नकोस. मी पुष्कळ ऐकलेलं आहे असलं. कसा?"

"चापट," मी म्हटलं. "उघड्या हाताने. ओरडून. सगळी चाळ ऐकायची."

"चिमटा काढायचा?"

"नाही. कधीच नाही."

"पिहूने चापट बघितली, ओरडणं ऐकलं. पण ही ओरडत नाही." काकूंनी आपला चष्मा काढला. "ही त्याला दंडाला धरून कोपऱ्यात नेते. हळू. मग त्याच्या कानाशी तोंड नेते आणि दात आवळून म्हणते, 'आवाज नाय पायजे.' आणि मग चिमटा. तो रडायला लागला की तोंडावर हात ठेवते. आठही दिवस असंच, काडीचा फरक नाही."

मी ऐकत होते आणि मला कळत होतं आणि कळू नये असं वाटत होतं.

घरमालकीण खालीच राहते. खोली देताना म्हणाली होती, एकट्या बाईला देते, पण रडारड नको. सकाळी मला साडेसातला पहिल्या बंगल्यावर पोचायचं असतं, आणि पिहू फ्रॉक घालत नाही, दूध पीत नाही, एक चप्पल लपवते. तेव्हा मी तिला दंडाला धरून कोपऱ्यात न्यायची. हळू. कानात बोलायची. आणि मग चिमटा. मी मारत नव्हते ना, म्हणजे मी तर समजत होते की मारत नाही, मार कसा असतो ते मला माहीत होतं, मार म्हणजे चापट, मार म्हणजे ओरडणं. हे तर फक्त गप्प करणं होतं.

"काकू," मी म्हटलं, "ते बापाचं नाही."

"नाही."

"माझं आहे."

त्या जवळ सरकल्या. म्हणाल्या, "मूठ उघड."

माझ्या दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या, मला पत्ताच नव्हता. त्यांनी एकेक बोट सोडवलं, पोरांचं सोडवायच्या तसंच. आत काही नव्हतं, नखांचे डाग होते. त्यांनी फुंकर घातली. पण रिहा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रडून घे, पण एकदाच. मग हे सोडवायचं आहे तुला. रक्ताचं असतं तर मी काय करणार होते? हे हाताचं आहे, हे सुटतं."

मी घरी आले, पिहूला कडेवर घेऊन तशीच घरमालकिणीच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "काकी, माझी पोरगी रडली, आवाज आला, तर येऊ नका. रडते आणि थांबते. पण सकाळी माझ्या खोलीतून काहीच आवाज आला नाही, तर मात्र वर या."

ती बघतच राहिली. म्हणाली, "बाई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. "पण या."

दुसऱ्या दिवशी टिंकूच्या आईला गाठलं, झूलाघराच्या फाटकातच. माझं हिंदी घाबरले की तुटतं. तरी सांगितलं, बच्ची पैदा ऐसी नहीं हुई, मैडम, मेरे हाथ से सीखी है, मैं हाथ सुधार रही हूँ. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. स्कूटीची किल्ली बोटात फिरवत राहिली, मग म्हणाली, "एक महीना।" आणि गेली. जाताना टिंकूच्या डोक्यावर हात फिरवला तिने, जरा जास्तच वेळ.

सुटलं लगेच असं समजू नका. पहिल्या आठवड्यात घरमालकीण दोनदा वर आली. मी दार उघडलं तेव्हा माझा हात पिहूच्या दंडावर होता, आणि तिने तो बघितला, आणि मीपण बघितला. तिने पिहूचे केस विंचरून दिले आणि खाली गेली. तिसऱ्यांदा यावं लागलं नाही. काकू रोज सकाळी पिहूच्या आधी माझ्या मुठी बघायच्या, सगळ्यांसमोर. लाज वाटायची. पण मी रोज दोन्ही हात पुढे केले, एक दिवस चुकवला नाही.

नवऱ्याचंपण मग मला आठवलं. त्याचा बाप पट्ट्याने मारायचा त्याला, सासूबाईंनीच एकदा सांगितलं होतं, डाळ निवडता निवडता, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. म्हणजे तोपण हात उगारून जन्मला नव्हता. हे मला कळलं म्हणून मी परत जाणार नाही. त्याची मूठ त्याने उघडायची. मी माझी उघडते.

महिन्याच्या शेवटी पिहूने टिंकूला दंडाला धरलं. काकू बसल्या जागेवरून बघत होत्या, मी दारात होते. पिहूने तोंड त्याच्या कानाशी नेलं. मग काय झालं तिला कोण जाणे, तिने त्याचा दंड सोडला आणि मोठ्याने, अगदी छताला लागेल असं ओरडली, "माझी गाडी दे!" टिंकू घाबरून बसला खाली. काकू इतक्या हसल्या की किल्ल्या वाजल्या.

"बघ," मला म्हणाल्या, "आता आवाज यायला लागला."

काकू आता नाहीत इथे. गुडघे पारच गेले, भाची येऊन बैतूलला घेऊन गेली. त्या रविवारी गेल्या, पोरांची सुट्टी बघून, कोणाला न सांगता. सोमवारी आम्ही गेलो तर दाराला कुलूप. इतक्या किल्ल्या कमरेला, पण त्या दाराला कुलूप मी कधी बघितलं नव्हतं. खिडकीत एक बटण तसंच होतं. पिहू बंद दारासमोर दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. मी तिला सांगितलं, आजी बैतूलला गेली. तरी ती हात मागे घेईना.

आता ती शाळेत जाते. परवाच्या सकाळची गोष्ट, युनिफॉर्म घातलेला, उशीर झालेला, आणि तिने दुधाचा पेला पाडला, सगळं पांढऱ्या मोज्यांवर. मी तिच्याकडे निघाले. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण ती कोपऱ्याकडे सरकली नाही. तिथेच उभी राहिली, मोजे ओले, आणि म्हणाली, "आई, मूठ उघड."

मी थांबले. हात पुढे केले. तिने एकेक बोट सोडवलं, तिची बोटं लहान, वेळ लागला. आत बघितलं. फू केलं, थुंकीपण उडाली थोडी.

"चल, रिहा," पिहू म्हणाली.

दूध अजून खाली वाहत होतं. मी फडकं आणायला गेले.