दोन फौजी आणि मराठीच्या मॅडम

फौजेवर इतकं प्रेम करणारं आणि फौजेबद्दल इतकी कमी माहिती असलेलं माणूस आमच्या मराठीच्या मॅडमशिवाय जव्हार-मोखाड्यातच काय, उभ्या महाराष्ट्रात दुसरं सापडायचं नाही. मी सैन्यातून निवृत्त होऊन जामसरला घरी आलो तेव्हा चाळिशी गाठायची होती. पुढच्या नोकरीला पदवी हवी, म्हणून जव्हारच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. त्याच वर्षी मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा दुसरा एक माजी सैनिक वर्गात आला. तो तोफखान्यातला, म्हणून मी त्याला गनरच म्हणायचो. वर्गातली पोरं आम्हाला काका म्हणत आणि एसटीत म्हाताऱ्यांना द्यावी तशी आम्हाला बसायला जागा देत. आमचं एवढ्यावर ठीक चाललं असतं, पण आम्ही दोघं फौजी आहोत ही बातमी मॅडमच्या कानावर गेली.

मॅडम मूळच्या नाशिकच्या. अंगाने काडीसारख्या, हातात बारा महिने छत्री. त्यांनी आठवड्याभरात प्राचार्यांच्या मागे लागून जुन्या नकाशांची खोली रिकामी करून घेतली आणि दारावर पाटी लावली, 'माजी सैनिक विद्यार्थी साहाय्य कक्ष'. कक्षाचे एकूण सदस्य आम्ही दोघं. कुठल्या छावणीतही दोन जवानांना मिळून एवढी सोय मिळत नसेल. तिथे आमच्यासाठी माठ होता, सतरंजी होती आणि डब्यात नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू होते. नागलीत किती ताकद असते हे त्या आम्हाला समजावून सांगत. आमच्या दोघांच्याही आयांनी आम्हाला नागलीच्या वावरातच वाढवलं होतं, पण मॅडमचा उत्साह बघून आम्ही ही नवीनच माहिती असल्यासारखे माना डोलवायचो.

मोठ्या आवाजाने सैनिकांना त्रास होतो, असं त्यांनी कुठल्याशा पुरवणीत वाचलं होतं. त्या दिवसापासून त्या आमच्याशी कुजबुजत बोलू लागल्या. कॉलेजात तास संपला की शिपाई लोखंडी तुकड्यावर हातोडी मारायचा, त्या हातोडीला त्यांनी कापड गुंडाळायला लावलं. परिणामी तास कधी संपला ते कुणालाच कळेना, आणि भूगोलाचे सर एकदा दोन तास सलग सह्याद्री शिकवत राहिले. मला राहवेना. मी म्हणालो, "मॅडम, मी रेशनच्या भांडारात होतो. मी ऐकलेला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे लंगरच्या स्वयंपाकघरात तेलाचा डबा पडल्याचा."

त्यांनी डोळे मिटले. "नका आठवू," त्या हळूच म्हणाल्या. "आपण दुसरं काही बोलू."

शिकवतानाही तीच काळजी. आमचं मन दुखावेल म्हणून अभ्यासक्रमातून त्यांनी आमच्यापुरतं युद्ध, विरह आणि मृत्यू असं सगळं वगळलं. हे तिन्ही काढल्यावर मराठी साहित्यात फार थोडं उरतं. उरलं ते आंब्याच्या झाडावरचा एक निबंध आणि म्हणींचा अर्थ. पहिल्या सत्राच्या परीक्षेत नेमकी विरहाची कविता आली. मी कसाबसा काठावर पास झालो. गनर मात्र मराठीतच नव्हे, जवळपास सगळ्याच विषयांत नापास झाला.

मला त्याचं आश्चर्य वाटलं. माणूस हुशार होता, एक तास बुडवत नव्हता. शेवटच्या बाकावर बसायचा, काही विचारलं की "जी मॅडम" म्हणायचा. निकालानंतर तो यायचाच बंद झाला. मी फोन केला तर त्याच्या बायकोने उचलला. वसईला वॉचमनची नोकरी मिळतेय, होळी झाली की निघेल, असं तिने सांगितलं.

मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. "मन मोडलंय त्यांचं," त्या म्हणाल्या. "आपण रविवारी जाऊ." त्या रविवारी माझ्या मोटरसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून, एका हातात छत्री आणि एका हातात लाडवांचा डबा घेऊन मॅडम निघाल्या. वाटेत त्या मागून मला काहीतरी सूचना करत होत्या. कुजबुजत करत असल्यामुळे मला एकही ऐकू आली नाही, आणि एवढी वळणं पार करून आम्ही धड पोचलो ते त्यांच्या नशिबाने.

गनर वावरात होता. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा असतो, त्याची पालापाचोळ्याची रास रचत होता. आम्हाला बघून तो लगबगीने आला, अंगणात खाट टाकली. मॅडम बसल्या आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. धीर, जिद्द, अपयश, पहाट, असं सगळं त्यात आलं. आवाज इतका मऊ की शेजारी बसून मलाच कान द्यावा लागत होता. गनर मधूनमधून "जी मॅडम" म्हणत होता. शेवटी डोळ्यांत पाणी आणून त्यांनी विचारलं, "मग, उद्यापासून येणार ना?"

गनर जरा विचार करून म्हणाला, "अजून नाय व्याली मॅडम. पण या महिन्यात व्येल."

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. गोठ्यातली गाय हंबरली. तेवढ्यात दारात उभी असलेली त्याची बायको हसायला लागली आणि पदर तोंडाला लावत म्हणाली, "बाय, त्याला डाव्या कानानं आयकाय नाय ये. उजव्यानं पण मोठ्यानं बोलशील तवाच. तू आपली उंदरासारखी काय बोलतेस?"

गनरने मान खाली घातली. आम्ही फौजी आपसात मोठ्यानेच बोलतो, म्हणून मला कधी कळलं नव्हतं. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. तोफेजवळ वर्षानुवर्षं काढली, कान हळूहळू जात गेला. पलटणीत सांगितलं असतं तर बढती थांबली असती, म्हणून लपवला. मग लपवायची सवयच लागली. "कॉलेजात सांगून काय करू?" तो म्हणाला. "पोरं आधीच काका म्हणतात. बहिरा काका म्हणतील."

मॅडमनी हातातली छत्री खाटेवर ठेवली. मग उठल्या, त्याच्या उजव्या कानाशी गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या पहिल्या बाकावर बसायचं. उजवा कान माझ्याकडे. कळलं?" त्या काडीच्या देहात असला आवाज असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. पलीकडच्या वावरातला माणूस कमरेवर हात ठेवून इकडे बघू लागला.

"कळलं मॅडम," गनर म्हणाला. त्यांचं बोलणं खरंच ऐकून त्याने दिलेलं हे पहिलंच उत्तर होतं.

परतीच्या वाटेवर चढावर मोटरसायकल हळू झाली, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "मी त्यांना कधी काही विचारलंच नाही हो. सगळं माझं मीच ठरवत गेले." "मॅडम, लाडू खरंच चांगले होते," मी म्हणालो.

त्यानंतर हातोडीचं कापड निघालं आणि मॅडमचं शिकवणं सगळ्या कॉलेजला ऐकू येऊ लागलं. विज्ञान शाखेची पोरं वरच्या मजल्यावर बेडूक कापता कापता कविता पाठ करू लागली. गाळलेलं सगळं त्यांनी पुन्हा शिकवायला घेतलं. विरहाची ती कविता संपली तेव्हा गनर म्हणाला, "मॅडम, हे आधी का नाय शिकवलं? हेच तर आम्हाला येतं." मॅडमनी कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. गनर राहिलेले विषय सोडवत, धडपडत का होईना पदवीधर झाला. वसई राहिली ती राहिलीच. आता तो मुलांच्या एका वसतिगृहात काम करतो. मी कचेरीत लिपिक आहे.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. सामान टेम्पोने पुढे गेलं होतं. त्यांना नाशिकच्या गाडीत बसवायला आम्ही दोघं जव्हारच्या एसटी स्टँडवर गेलो. खिडकीशी बसल्यावर त्या एकदम लहान दिसायला लागल्या. गनरने विचारलं, "मॅडम, आता घरी जाऊन काय करणार?"

"बघू," त्या म्हणाल्या. "काहीतरी करीन. बघू."

गाडी सुटली. हे 'बघू' आम्हा दोघांच्याही ओळखीचं होतं. पलटण सुटल्यावर पहिल्या महिन्यात माणूस सगळ्यांना हेच सांगतो, आणि पहाटे उठून आवरून, अंगणात उभा राहतो, कुठे जायचं ते न सुचून. तेव्हा कुणीतरी यावं असं फार वाटतं. गनर सरळ चौकशीच्या खिडकीकडे गेला आणि रविवारी नाशिकला पहिली गाडी किती वाजता आहे, ते विचारून आला.