तारीफ नको, काकू

जुन्या जालन्यातल्या माझ्या लोणच्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या यादीचं सॉफ्टवेअर गावातल्या दुकानांना असली कामं करून देणाऱ्या एका पोरानं बसवून दिल्तं. नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचे सगळे ईमेल समोर. दर शनिवारी यायचा, बशीत चहा ओतायचा अन् वही उघडून कानावरची पेन्सिल काढायचा. "लई छान चालून राह्यलंय बघ," असं मी म्हटलं की लगेच वही मिटायचा. "तारीफ नको, काकू. तक्रार सांगा."

परतूरची माझी मैत्रीण लेकाकडं पुण्याला गेल्ती, तिथून ईमेलनं लोणचं मागवायची. ती वारली तेव्हा मी तिचं नाव यादीतून काढलं, तर ईमेलही गेले. तिची गुडघेदुखी, सुनेच्या गोष्टी, माझ्या लोणच्याला मीठ जास्त म्हणून केलेली कुरकुर, सगळंच. रडत रडत त्याला सांगितलं. त्यानं चहा तसाच ठेवला अन् शब्द न् शब्द लिहून घेतला.

पुढच्या शनिवारी ईमेल परत आल्ते. "आता कुणाचंही नाव काढलं तरी ईमेल ऱ्हातील, काकू. सगळ्याच दुकानांत तसं करून दिलंय."

तवापासून काहीच अडत न्हाई. मंग तो तरी कशाला येईल? दर शनिवारी मी कॉम्प्युटरसमोर बसून एखादी तक्रार सापडते का, तेच शोधून राह्यले.