भिंतीवरची उतरती रेघ

सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर एक उतरती रेघ रंगवली आहे. "आजी, मेलेली मुलं जन्मायचं प्रमाण दरवर्षी असं कमी होत गेलं," नर्सबाई म्हणाल्या. बरं वाटलं. पण माझं पहिलं मूल त्या रेघेत नाही. नवऱ्यानं पोटात लाथ घातली आणि ते मेलेलंच निघालं. दूध आटावं म्हणून सासूनं माझी छाती फडक्यानं करकचून आवळली. जे रडलंच नाही ते मोजायचं नाही, अशी रीत होती. सुया-गोळ्यांनी रेघ खाली आणली खरी, पण लाथेवर सुई अजून निघालेली नाही.

रेघेखालच्या बाकावर एक गरोदर मुलगी पोट धरून बसली होती. "बाळ सकाळपासून हललं नाही," ती म्हणाली.

"पायरीवरून घसरली," तिच्या सासूनं सांगितलं.

मुलीच्या दंडावर काळीनिळी बोटं उमटली होती. मी म्हणाले, "पायरीला बोटं कधी फुटली गं?"

"म्हातारे, तुला काय करायचंय?" सासू खेकसली.

नर्सबाईंनी मुलीला खाटेवर निजवून पोटावर यंत्र टेकवलं. बराच वेळ नुसती खरखर. मग धडधड ऐकू आली.

"आहे ना? चल घरी," सासू म्हणाली.

मुलीनं खाटेची दांडी घट्ट धरली. "मी येत नाही. माझ्या आईला बोलवा."