शेरूची सीनियॉरिटी

ज्याच्या घरात तीन कुत्री आहेत, त्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते केसांसारखे अंगाला चिकटून सोबत येतात. मी रोज साडी दोनदा झटकून ऑफिसला जाते, तरी डब्याच्या सुट्टीत कुणीतरी माझ्या खांद्यावरचा एक केस उचलून विचारतंच, "मॅडम, आज कोणाचा नंबर?" झालं! मी सुरू होते आणि माझी भाजी थंड होते.

आधी हजेरी घेऊ. शेरू, गावठी, पिवळा, बारा वर्षांचा. रॉकी, लॅब्रॅडोर. नवऱ्याच्या मित्राची बदली झाली तेव्हा "दोनच महिने सांभाळ" म्हणून आला, त्याला आता चार वर्षं झाली. तिसरी चिंगी, ती येईलच. आणि या सगळ्यांच्या वर नाना, म्हणजे माझे सासरे.

नानांचं उभं आयुष्य दारव्ह्यात कारकुनी करण्यात गेलं. कोण कोणाच्या आधी नोकरीला लागला, कोणाची खुर्ची कोणाच्या पुढे, ही ज्येष्ठता यादी त्यांना तोंडपाठ असायची. रिटायर झाले आणि यादीतली माणसंच गेली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. हळूहळू लोक घरातलं सगळं मला विचारायला लागले. तसं कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं. नानांना ते सलायचं, मला ते दिसायचं, आणि आम्ही दोघंही त्यावर एक शब्द बोलत नव्हतो.

मग नानांनी कुत्र्यांची यादी केली!

•

रॉकी आला त्याच दिवशी नानांनी नियम सांगितला. "जो पहिले लागला, त्याचं भांडं पहिले. शेरू सीनियर हाय."

रॉकी शेरूच्या तिप्पट. स्वतःचं भांडं त्यानं दहा सेकंदांत चाटून साफ केलं आणि शेरूच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला. लाळ टपटप शेरूच्या पोळीत. मी नवऱ्याला हाक मारली, "अहो, पाण्याची बादली आणा!" कारण आता जुंपणार हे नक्की होतं.

शेरूनं मान वर केली. गुरगुरला नाही की दात दाखवले नाहीत, फक्त पाहिलं. रॉकी दोन पावलं मागे सरकला आणि चक्क खाली बसला.

नाना खुर्चीतून म्हणाले, "पाह्यलं, सूनबाई? सर्व्हिस बोलते!"

•

चिंगीला जमनाबाईनं आणलं. जमनाबाई बोरी अरबच्या रस्त्याला असलेल्या तांड्यावरून आम्हाला दूध घालते. एक दिवस दुधाच्या कॅनसोबत पिशवी होती आणि पिशवीतून दोन कान बाहेर.

"हे टेम्पररी हाय," नाना लगेच म्हणाले. "प्रोबेशनवर. भांडं शेवटी."

चिंगीनं प्रोबेशन एका महिन्यात संपवलं. रॉकी पोत्यावर पसरलेला असला की ती त्याच्या नाकासमोर जाऊन बसायची आणि टक लावून पाहायची. रॉकी आधी तोंड फिरवायचा, मग डोळे मिटायचा, मग एक लांब सुस्कारा सोडून उठायचा. ही बाई पोत्याच्या मधोमध!

माझा नवरा वैतागला. "अरे रॉक्या, तुह्या डोक्याएवढी तरी हाय का ते? काहून उठतं?"

जमनाबाई दूध मापता मापता म्हणाली, "भाऊ, अंगावर सत्ता भेटली असती तं आमच्या तांड्यात म्हैस सरपंच झाली असती."

•

मग नानांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतला माणूस म्हणत होता की कळपाचा मुख्य आधी जेवतो. म्हणून कुत्र्यांच्या भांड्यातून आपण आधी खाल्ल्यासारखं करायचं, म्हणजे त्यांना आपली जागा कळते.

नाना पोर्चमध्ये मांडी घालून बसले. उजवीकडे शेरू, डावीकडे रॉकी, समोर चिंगी. त्यांनी दूधपोळीचं भांडं उचलून तोंडाशी नेलं आणि डोळे मिटून मच् मच् असा आवाज काढला. चांगला मोठा आवाज, कारण व्हिडिओत तसं सांगितलं होतं.

मला ऑफिसला उशीर होत होता. मी डाव हातात घेऊन दारात आले आणि म्हणाले, "नाना, पुरे आता. बाकीच्यांनाही द्या!"

गेटपाशी त्यांच्या जुन्या ऑफिसातले दोघे जण उभे होते. कुणाच्या तरी निरोप समारंभाचं आमंत्रण घेऊन आले होते. त्यांनी नानांकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डावाकडे पाहिलं. पत्रिका गेटच्या कडीत खोचली आणि निघून गेले.

पुढच्या आठवडी बाजारात भाजीवाली मला हळूच म्हणाली, "बाई, म्हातारं माणूस हाय. सासऱ्याले ताटात वाढत जा वं."

मी तिला व्हिडिओपासून सगळं समजावलं. तिनं मान डोलावली आणि पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्तीची टाकली. "हे त्याईले."

घरी आल्यावर नानांवर चिडले. ते शांतपणे म्हणाले, "लोकाईचं सोड. कुत्र्याईले तं समजलं ना मी कोण हाय?"

चिंगी तेव्हा त्यांच्या चपलेवर बसून दुसरी चप्पल खात होती.

•

या यादीत माझा नवरा कुठे, असं ऑफिसात सगळे विचारतात. सांगते. चिंगी सोफ्यावर माझ्या शेजारी असली की तो आधी दारात थांबतो. ती शेपटी हलवते, मग तो बसतो. नाही हलवली तर खुर्ची आणतो.

"मी काही भेत नाही तिले," तो म्हणतो. "खुर्चीत पाठ सरळ राह्यते."

•

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शेरूच्या मागच्या पायांची ताकद गेली. पायरी चढताना तो थांबायला लागला. पोर्चची वरची पायरी त्याची होती, तिथून गेट दिसतं. एक दिवस चिंगी, आता चांगली वाढलेली, तिथे बसली आणि उठली नाही. शेरू अंगावर गेला, चिंगीनं त्याला उताणा पाडला आणि सोडून दिला. तिथेच मिटलं असतं.

पण नाना धावले. चिंगीला कान धरून बाथरूममध्ये कोंडलं. "सस्पेंड!" शेरूला हातानं उचलून वरच्या पायरीवर बसवलं, भांडं आधी दिलं, पाठ थोपटली. शेरूला वाटलं, साहेब पाठीशी आहेत. दुसऱ्या दिवशी चिंगी बाहेर येताच तो पुन्हा भिडला. या वेळी त्याचा कान फाटला आणि मान सोलली गेली. नाना "अरे सोड, अरे सोड" करत मधे पडले, तर त्यांच्या धोतरालाही रक्त लागलं. कोणाचं ते कळेना. मी रडत होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि नानांना समोर बसवलं.

"नाना, त्याचे पाय गेले हे त्याले माहीत हाय, चिंगीले माहीत हाय. फक्त तुमाले माहीत नाही. तुमी चढवता म्हणून तो भांडायले जाते. आणखी एकदा असं झालं तं मी टाके घालू शकणार नाही. एक तं तिले दुसरीकडे द्या, नाही तं पहिलं भांडं तिले द्या."

"बारा वर्षं गेट सांभाळलं त्यानं," नाना म्हणाले. "अन् पहिलं भांडं त्या कालच्या पोरीले?"

"त्याले चालते. तुमाले चालते का, ते पाहा."

ऑटोत शेरूचं डोकं नानांच्या मांडीवर होतं. घरी आल्यावर त्यांनी जमनाबाईला सांगितलं, "चिंगीले तांड्यावर घेऊन जा."

"नेतो ना," जमनाबाई म्हणाली. "मंग उद्या रॉकी त्या पायरीवर बसंन. त्यालेही पाठवसान? अन् मंग कोणाकोणाले पाठवसान, नाना?"

चिंगी त्या दिवशी गेली नाही. दोन दिवस चिंगी मागच्या अंगणात बांधलेली होती. ती ओरडायची आणि शेरू टाक्यांसकट दाराशी जाऊन गुरगुरायचा. नाना जेवायचे नाहीत नीट. मला चिंगी जायला नको होती, पण तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

•

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना आंघोळ करून, इस्त्रीचा बुशशर्ट घालून स्वयंपाकघरात आले. ऑफिसला जाताना घालत तसा.

"तीनही भांडे दे," म्हणाले. "अन् तिले सोड."

मी सोडलं. नवरा बादली घेऊन उभा राहिला. नाना पहिलं भांडं हातात धरून शेरू आणि चिंगीच्या मधे बराच वेळ उभे होते. मग वाकले आणि चिंगीसमोर ठेवलं.

"घे," म्हणाले. एवढंच.

दुसरं रॉकीला. शेवटचं शेरूला. शेरूनं चिंगीच्या भांड्याकडे पाहिलं, मग नानांकडे. मी तोंड फिरवलं.

शेरूनं मोठी जांभई दिली!

त्यानं अर्धंच खाल्लं, तेही सावकाश. पायरीकडे गेलाच नाही. नानांच्या दिवाणाखाली जाऊन आडवा झाला, चारही पाय सैल सोडून. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्याला दिवसा असा झोपलेला पाहिला नव्हता. तेवढ्यात गेट वाजलं. चिंगी भुंकत धावली, तिच्यामागे रॉकी. शेरूनं डोळासुद्धा उघडला नाही.

नाना त्याच्याकडे पाहत राहिले.

गेटवर पाण्याची टाकी बसवणारा मिस्त्री होता. त्यानं बाहेरूनच आवाज दिला, "नानाजी, टाकी कुठं ठेवू? जिन्यावर का मांगं?"

मी सवयीनं मागे थांबले, नाना पुढे जातील म्हणून. नानांनी चष्मा काढला, बुशशर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि दिवाणावर पाय वर घेतले.

"मॅडमले विचार," ते कुशीवर वळत म्हणाले. "अन् हळू बोल बाप्पा, आमी दोघं झोपून राह्यलो."